बिनरंगाची राणी

वनाभाऊला दोन चेहरे आहेत आणि त्यातला एक सुनंदाबाईंना अजिबात आवडत नाही, असं आळीत बोललं जातं. कोणता, ते मात्र कुणी सांगत नाही. सुनंदाबाई त्याची बायको. हातात लाटणं असताना त्यांना विचारायची छाती अजून कुणाची झालेली नाही.

पहिला चेहरा रोजचा. रापलेला, लहानपणी देवी येऊन गेल्याचे व्रण असलेला. नाक जरा डावीकडं कललेलं, जणू शेजारच्या घरात काय शिजतंय त्याचा वास घेतंय. भुवया इतक्या दाट की चिमणीनं घरटं केलं तर अंडी उबेपर्यंत पत्ता लागायचा नाही. हा चेहरा घेऊन वनाभाऊ सकाळी म्हशींचं दूध काढतो, दुपारी कपाशीत पाणी भरतो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून विडीसाठी काडी कुणाकडं आहे ते बघतो. साठी उलटली तरी स्वतःची काडीपेटी घेतली नाही पठ्ठ्यानं.

दुसरा चेहरा यात्रांच्या हंगामातला. गिरणेकाठच्या ह्या गावात मोतीलालचा तमाशा आहे आणि त्या तमाशाची राणी म्हणजे वनाभाऊ. खानदेशातल्या लोकांना ह्यात नवल वाटत नाही. पुरुषानं लुगडं नेसून राणी व्हायचं, हे इथं बापजाद्यांपासून चालत आलंय. नवल बाहेरच्यांना वाटतं. मागं कोल्हापूरकडून बदली होऊन आलेला एक एस.टी. कंडक्टर लागोपाठ तीन गावांच्या यात्रा बघत फिरला आणि चौथ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून वनाभाऊच्या दारात उभा राहिला. “त्या राणीचं काम करणाऱ्या बाई कुठं उतरल्यात?” म्हणाला. वनाभाऊ शेणाच्या हातांनी गोठ्यातून म्हणाला, “बाई म्हशीखाली बसल्यात. धार काढून झाली की येतात.” कंडक्टर बिचारा तासभर थांबला, दूध घालून केलेला चहाही प्यायला. पुढं त्यानं बदली मागून घेतली.

तर अशा घरात पुनम सून म्हणून आली. जळगावची पोरगी, मेकअपचा कोर्स केलेली. आल्या आल्या तिनं पुढच्या खोलीत पार्लर थाटलं. बाहेर बोर्ड लावला, त्यावर एक बाई, इतकी गोरी की ती कुठल्या देशाची ते तिच्या आईलाही सांगता येणार नाही. सुनंदाबाईंनी बोर्ड बघून विचारलं, “ही कोण? व्याह्यांकडची का?”

पुनमचा हात मात्र खरा. चाळीसगावपर्यंतच्या नवऱ्या तिच्याकडं यायच्या. आत जाताना शेतातून उपटलेल्या भुईमुगासारखी दिसणारी पोर बाहेर येताना बापाला ओळखू यायची नाही. वनाभाऊ ओट्यावरून हे सगळं बघायचा. सासरा असा पार्लरच्या दारात बसतो म्हणून आळीनं पहिले काही महिने मजा करून घेतली. पण तो पोरी बघत नव्हता, पुनमचा हात बघत होता. गालाच्या हाडाखाली सावली कशी ठेवते, नाकाचा शेंडा कसा उजळते.

“नाना, असं बघू नका, माझा हात थरथरतो,” पुनम म्हणायची.

“थरथरू दे. मोतीलालच्या बापानं मला रंग शिकवला तेव्हा तो हात थरथरला की कानशिलात द्यायचा. तुला कोण देतंय?”

त्याची स्वतःची पेटी पत्र्याची. झिंक पावडर, पिवडी, हिंगूळ, खोबरेल, काजळाची डबी. पुनमनं ती पहिल्यांदा उघडून बघितली आणि घाबरून बंद केली. “नाना, हे तर दारं-खिडक्यांना लावतात!”

“मग मी कोण? दरवाजाच. लोक टकटक करतात, राणी उघडते.”

दोघांचं भांडण असं नव्हतंच. गावातल्या म्हाताऱ्या पुनमनं सजवलेल्या नवऱ्या मुलींना नावं ठेवायच्या. देवानं दिलेलं रूप काय वाईट, हे पीठ कशाला थापता, म्हणायच्या. पुनम चिडायची. “देवानं दिलंय तसंच ठेवायचं तर वेणीसुद्धा घालू नका.” आणि अशा वेळी वनाभाऊ सुनेची बाजू घ्यायचा. रंगाशिवाय रूप नाही, ह्यावर त्याची तिच्याहून जास्त श्रद्धा. लोकांना वाटायचं, हा रंगमंचावर इतका बिनधास्त, ह्याला कसली भीती. पण पुनमला एकदा तो हळूच म्हणाला होता, अहिराणीत, म्हणजे मनातलं:

“रंग बिगर मी कोन? वना. वनाले कोन दखी?”

खेळाच्या दिवशी तोंड रंगवून होईपर्यंत तो कुणाला तोंड दाखवायचा नाही. रंगवून झालं की आरसा उलटा ठेवायचा आणि राणी उठायची. उघड्या तोंडानं तो एकदाही खेळात लोकांपुढं उभा राहिला नव्हता.

आणि नेमकं त्याच तोंडाला होळीच्या सुमारास लागलं ग्रहण. गालांवर लाल चट्टे उठले, खाज, आग. पुनमनंच त्याला चाळीसगावला कातडीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पत्र्याच्या पेटीची हकिगत ऐकली आणि सांगितलं, आता ह्या तोंडाला रंग लावायचा नाही. पावडर नाही, कुंकू नाही, काही नाही.

वनाभाऊ एस.टी.त खिडकीशी बसला आणि घरापर्यंत बोटांवर दिवस मोजत राहिला. पुनमला कारण माहीत होतं. चैत्रात मरीमातेची यात्रा होती.

ह्या यात्रेची एक रीत आहे. संध्याकाळी बारागाड्या ओढल्या जातात, मग दिवेलागणीनंतर चौकात तमाशाचा मोठा खेळ, तो गावासाठी. आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत देवळासमोर छोटा खेळ, तो देवीसाठी. त्यात ना बतावणी, ना गाणी. वगातला एकच प्रसंग: राज्यातून हाकललेली राणी रानात आपलं हरवलेलं तान्हं बाळ शोधते आणि देवीच्या दारात येऊन थांबते. हा सकाळचा खेळ वनाभाऊ तरुणपणापासून करत आला. देवीचा खेळ म्हणजे त्याचा मान. पण यंदा यात्रेच्या कमिटीत अभिमन आबा होते आणि अभिमन आबांच्या पुतण्याचा ऑर्केस्ट्रा होता. आबांचं म्हणणं, सकाळी म्हाताऱ्या माणसाचं रडणं कोण बघतं? देवीसुद्धा कंटाळली असेल. भक्तिगीतं ठेवू, कीबोर्डवर.

“रात्रीचा खेळ रंगला तर सकाळचा तुझा, वना,” आबांनी शेवटी तोड काढली. “नाही रंगला तर देवीला ऑर्केस्ट्रा. आणि एकदा ऑर्केस्ट्रा आला की मग दरवर्षी ऑर्केस्ट्रा.”

“रंगेल,” वनाभाऊ म्हणाला. आणि घरी येऊन पत्र्याच्या पेटीपुढं बसून राहिला.

तेव्हा पुनम म्हणाली, “नाना, मी करते तुमचा मेकअप. माझं सामान तसलं नाही. नाजूक कातडीला चालतं. थोडा वेळ ठेवू, लगेच पुसू.”

खरं तर डॉक्टर ‘काही नाही’ म्हणाला होता. पण मेकअप करणाऱ्या माणसाला ‘काही नाही’ हा शब्द कळतच नाही. त्याला वाटतं, आपलं सोडून बाकीचं काही नाही.

यात्रेच्या संध्याकाळी पुनमनं दार लावून घेतलं. दोन तास ते उघडलं नाही. बाहेर सुनंदाबाई येरझाऱ्या घालत होत्या, कारण आत त्यांचं लग्नातलं लुगडं गेलं होतं. दार उघडलं आणि ओट्यावर जमलेल्या बायाबापड्या उठून उभ्या राहिल्या.

“माय व! हाई वनाभाऊ शे?”

व्रण गेले होते. नाक सरळ झालं होतं, म्हणजे दिसत होतं. भुवया कोरल्यासारख्या, डोळे दुप्पट मोठे, कातडी कशी सायीसारखी. पुनमनं आयुष्यात केलेली ती सगळ्यात सुंदर नवरी होती. मोतीलालसुद्धा मेकअप केलेल्या वनाकडं बघून घसा साफ करू लागला, आणि मोतीलालनं त्याला चड्डीत नदीवर डुंबताना पाहिलेलं.

निघताना पुनम सवयीनं बोलली, सगळ्या नवऱ्या मुलींना बोलते तेच. “नाना, आता फक्त एवढं सांभाळा. जास्त हसायचं नाही, रडायचं तर अजिबात नाही. कपाळ वर उचलायचं नाही. भेगा पडतात. फोटोत दिसतं.”

वनाभाऊनं मान हलवली, तीसुद्धा जपून. मोतीलालच्या बापाच्या तालमीत वाढलेला माणूस तो. रंगवणाऱ्याचा शब्द म्हणजे गुरूचा शब्द.

रात्री राणी आली तेव्हा चौकात शिट्ट्यांचा पाऊस पडला. शे-दोनशे मोबाइल वर झाले. पहिला काही वेळ लोकांनी नुसतं बघितलं. मग बाळ हरवलं. राणी रानात शिरली. आणि तशीच उभी राहिली. ओठ हलत होते, बोल येत होते, पण तोंड साडीच्या दुकानातल्या बाहुलीचं. दुःख आलं की वनाभाऊ ते कपाळाच्या अलीकडेच अडवायचा. डोळ्यात पाणी दाटू लागलं की वर दिव्याकडं बघून जिरवायचा. मोतीलाल सोंगाड्याच्या वेशात पुन्हा पुन्हा त्याच्याजवळ जाऊन कुजबुजला, “अरे वना, रड ना भो! बाळ गेलंय!” राणी नाजूक हसली. बेताचं.

मागून कुणीतरी ओरडलं, “ओ राणी, बाळ हरवलं का नुसती पिशवी?”

सगळा चौक हसला. हसणं थांबेचना. पुनम बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिच्या मांडीएवढ्या उंचीचं एक पोरगंही हसत होतं. तिला आधी राग आला, मग कळलं, आणि कळल्यावर तिनं पदर तोंडात कोंबला. राणी तिचाच हुकूम पाळत होती.

खेळ आटोपता घेतला. अभिमन आबा माइकवर आले आणि उद्या सकाळी देवीसमोर ऑर्केस्ट्रा होईल, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

पहाटे वनाभाऊ उठला तेव्हा चेहरा सुजला होता. दोन्ही गाल लालभडक, डोळ्यांच्या कडा फुगलेल्या. चुलीत भाजलेलं वांगं साल काढल्यावर दिसतं तसं. भरीत करायचं तेवढं बाकी. पुनम थंड पाण्याच्या पट्ट्या घेऊन आली आणि रडायला लागली.

“माझ्यामुळं झालं, नाना. तोंडही गेलं आणि खेळही.”

“तोंड कुठं गेलंय? दुखतंय म्हणजे आहे.” तो उठून खुंटीवरचं जुनं हिरवं लुगडं काढू लागला, रोजच्या वापरातलं, सुनंदाबाईंचं. “पोरी, मागनं निऱ्या धर.”

“कुठं निघालात?”

“देवीकडं. आबांनी ऑर्केस्ट्रा आणलाय तो गावासाठी. माझं येणं तिला ठाऊक आहे.”

“असे? असेच?”

त्यानं आरशाकडं बघितलं नाही. तो उलटा ठेवला आणि पदर डोक्यावर घेतला. ते बघून पुनमला भलतीच भीती वाटली. काल हसले ते रंगाला हसले. आज ह्या उघड्या तोंडाला हसतील. मग हा माणूस पुन्हा ओट्यावर तरी बसेल का?

देवळासमोर गर्दी होती. कीबोर्डवरचं कापड काढलं होतं, एक मुलगी माइकवर ‘हॅलो चेक’ करत होती. लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कुशीत गुंडाळलेल्या उपरण्याचं बाळ घेऊन वनाभाऊ येताना दिसला तसे अभिमन आबा पुढं झाले.

“वना, काल हसू झालं तेवढं पुरे नाही? आणि हे काय तोंड! निदान रंग तरी लाव. देवी काय म्हणेल?”

“देवीले डोया शेतस, आबा,” वनाभाऊ स्वतःच्या डोळ्यांकडं बोट करून म्हणाला आणि बाजूनं पुढं गेला.

पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी ‘वांगं’ म्हणालंच. उन्हं नुकतीच देवळाच्या पायरीवर आली होती, आणि तो उगवतीकडं तोंड करून त्या उन्हात उभा राहिला. कुठलीही सावली नाही, पडदा नाही. पुनमनं डोळे मिटले. मग उघडले, कारण हसणं बंद झालं होतं.

त्यानं अजून काही केलं नव्हतं. नुसती हातातल्या उपरण्याकडं नजर टाकली होती. उपरणं रिकामं आहे, हे त्याला तेव्हा कळलं. सगळ्या गावादेखत कळलं. काठ उलगडून त्यानं पुन्हा बघितलं, जणू बाळ घडीत राहून गेलं असेल. मग पदर खांद्यावरून ओढला, वारा लागू नये म्हणून ओढतात तसा, कुशीत काही नसताना.

पुढच्या रांगेतल्या बायका बसल्या जागी सरकल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. लेकुरवाळी बाई एस.टी.त चढली की सरकतात तशा सरकल्या आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा झाली. “बस, माय, बस आठे,” एक जण पुटपुटली, आणि आपण काय बोललो ते तिचं तिला समजलं नाही.

पुनम मेकअप करणारी. तिची नजर दुसऱ्याच्या चेहऱ्यावर पडली की आधी डाग शोधते. ती तिच्या धंद्याची खोड. ती आताही शोधत होती. लाली, सूज, व्रण, कललेलं नाक, सगळं जिथल्या तिथं होतं. पण त्यातलं फालतू काही सापडेना. कपाळावर ज्या आठ्या तिनं काल भरून काढल्या होत्या, त्या एकेक करून वर चढत होत्या, आणि प्रत्येकीबरोबर बाळ आणखी लांब जात होतं. डोळ्याखालच्या पिशव्या, ज्यांच्यावर तिनं सगळ्यात जास्त वेळ घालवला होता, त्या थरथरल्या आणि भरल्या. नाक डावीकडं कललं होतं म्हणून राणी सतत कुठलातरी आवाज ऐकत असल्यासारखी वाटत होती. पुनमला वाटलं, एवढं सगळं ह्या चेहऱ्यात होतं आणि मी त्याला छान प्लास्टर करून बसले होते. हे रूप होतं का? रूपच होतं. कुठून आलं, ते मात्र कुठल्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

राणीनं हाक मारली. मोठी नव्हे. भाकरी झाली की आई अंगणात खेळणाऱ्या पोराला मारते तेवढीच. दोनदा. दुसऱ्या हाकेनंतर तिनं कान देऊन वाट बघितली, आणि तिच्याबरोबर सगळं गाव वाट बघत राहिलं. पिंपळावरचे होले तेवढे घुमत होते. माइकवरच्या मुलीनं माइक कधी बंद केला, कुणाला कळलं नाही. एक मोबाइल वर झाला होता, तोही अर्ध्यावरून खाली आला.

उत्तर आलं नाही. मग राणी रडली. डोळे, नाक, ओठ, हनुवटी, सगळ्यांनी मिळून रडली. सुजलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते झोंबत असणार, पुनमला माहीत होतं किती झोंबत असणार, पण राणीनं पुसलं नाही. ती पायरीपाशी आली आणि रिकामं उपरणं देवीपुढं ठेवून खाली बसली.

कमिटीच्या खुर्च्यांत पुतण्या अभिमन आबांच्या कानाशी लागला, “काका, करू का चालू?” आबांनी त्याच्याकडं न बघता हात असा झटकला की पुतण्याच्या टोपीला लागला. “गप. पुढच्या वर्षीसुद्धा गप.”

तेवढ्यात झुंबरअक्का उठली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई; तिच्यासमोर वना जन्मला, तिनंच त्याला पहिलं न्हाऊ घातलं. काठी टेकत टेकत ती पायरीपाशी गेली. देवीच्या ओटीसाठी आणलेला खण-नारळ तिच्या हातात होता. तो तिनं देवीकडं नेलाच नाही. राणीसमोर थांबली, कुंकवाच्या कोयरीत बोट बुडवलं.

पुनम दोन पावलं पुढं झाली. कुंकू नाही, डॉक्टरनं सांगितलं होतं. लावल्या लावल्या पेटणार. तिनं ‘अक्का’ म्हणायला तोंड उघडलं. वनाभाऊनं तिच्याकडं बघितलंही नाही. कपाळ पुढं करून, डोळे मिटून, तो बाई वाकते तसा वाकला. पुनम जागेवर थांबली. त्या लाल, भाजलेल्या कपाळावर अक्कानं टिळा लावला आणि पदरात ओटी घातली. वनाभाऊचा खालचा ओठ एकदा आवळला गेला, तेवढंच.

अक्कानं त्याची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडं फिरवला. बराच वेळ बघितला.

“कोना घरनी शे माय तू?”

हसू कुणालाच आलं नाही. ‘कुणाच्या घरची?’ ह्या प्रश्नाला वगात राणीला बोल नव्हता. ती गर्दीकडं बघू लागली, एकेका चेहऱ्याकडं.

मग मागच्या रांगेतून सुनंदाबाई पुढं आल्या, बायकांना बाजूला सारत. डोळे पुसलेले होते, आवाज भांडायला निघाल्यासारखा.

“मन्हा घरनी शे, अक्का,” त्या म्हणाल्या. “मन्हा घरनी.” आणि वाकून त्यांनी राणीचा दंड धरला, उठवायला.